पित्राला जेवणारा फलंदाज

मी जन्मात सिगारेट ओढलेली नाही. तरीही सिगारेटच्या पाकिटांसाठी मी जेवढी वणवण केली, तेवढी एखाद्या अट्टल ओढणाऱ्यानेही केली नसेल. एकदा हळदीकुंकवाला मी हे सहज बोलून गेले, तर शेजारणीचा वाण देणारा हात तसाच हवेत राहिला. मग सगळ्याजणींना बसवून समजावून सांगावं लागलं. साहेबाच्या काळात सिगारेटचं पाकीट चुरगळू नये म्हणून आत जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. पुढे कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की नुसता कोरा पुठ्ठा कशाला, त्यावर चित्र छापा. फुलं, जहाजं, राजेराण्या आणि क्रिकेटचे खेळाडू. ती चित्रं मी गोळा करते. सिगारेट कोण ओढून गेलं त्याच्याशी मला घेणंदेणं नाही. हे सांगितल्यावर शेजारीण म्हणाली, "म्हणजे तुम्ही कचरा गोळा करता," आणि निर्धास्त होऊन तिने वाण दिलं.

हा कचरा माझ्याकडे सासूबाईंकडून आला. त्यांच्या वडिलांचं नगरच्या कॅम्पात पानसिगारेटचं दुकान होतं. गोरे सोल्जर दुकानाच्या पायरीवरच पाकीट फोडत, सिगारेट तोंडात धरत आणि चित्र तिथेच टाकून जात. सासूबाई तेव्हा परकरातल्या. त्या ती चित्रं वेचून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत आणि दुपारी बाहुल्यांची लग्नं लावताना नवरदेव म्हणून उभी करत. क्रिकेट म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पांढऱ्या कपड्यातला, टोपी घातलेला, हातात काहीतरी धरलेला मिशाळ पुरुष म्हणजे नवरदेवच असणार, एवढा त्यांचा हिशेब सरळ होता.

माझं लग्न झालं तेव्हा थोरल्या जावेला पाटल्या मिळाल्या होत्या आणि मला हा डबा. मी मनातून इतकी भडकले की वर्षभर त्या डब्याला हात लावला नाही. माझा स्वभाव फटकळ आहे, पण नवी सून असल्यामुळे तेवढं एक वर्ष मी तो गिळून ठेवला होता. सासूबाईंना ते कळत होतं. एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अगं, पाटल्या अडीनडीला मोडता येतात. हे मोडून खाता येत नाही, म्हणून तुला दिलं. तू जपशील."

तेव्हा ते मला गोड बोलून केलेली फसवणूक वाटलं. पुढे मी पोस्टातल्या नोकरीची परीक्षा दिली आणि पास झाले. घरात पेढे वाटताना जो तो म्हणू लागला की सासऱ्यांची पुण्याई, सुनेचा पायगुण, घराण्याचं नशीब. सासूबाई आतून हात पुसत आल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "पुण्याई घराण्याची असेल, पण पेपर हिने लिहिला." त्या रात्रीपासून माझं त्यांच्याशी जमलं ते त्यांच्या शेवटापर्यंत. डबाही मी दुसऱ्या दिवशी उघडला.

डब्यात बरंच काही होतं, पण सलग म्हणावी अशी एकच मालिका होती, क्रिकेटच्या खेळाडूंची. प्रत्येक चित्राच्या पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरात त्या माणसाची माहिती आणि वर नंबर. एकूण पन्नास. सासूबाईंच्या डब्यात निम्मेशिम्मेच होते. बाकीचे जमवण्यात माझी नोकरी संपत आली. आज मागे वळून पाहते तेव्हा चित्रांपेक्षा ती देणारी माणसंच जास्त आठवतात. राहात्याच्या बाजारात जुनी पुस्तकं विकणाऱ्या चाचांनी एका पुस्तकात खूण म्हणून घातलेलं चित्र मला दिलं आणि पुस्तक घेण्याचा आग्रहसुद्धा केला नाही. जामखेडच्या एका निवृत्त गुरुजींनी कुणाकडून तरी माझं नाव ऐकून दोन चित्रं वहीच्या पुठ्ठ्यात बांधून पाठवली, ती आमच्याच पोस्टात, माझ्याच खिडकीवर आली. रद्दीवाल्यांनी तर मला नावच ठेवलं होतं, "बिडीकाडीवाल्या मॅडम". मी त्यांच्यावर चिडायचे आणि ते चहा मागवायचे. यातल्या कुणाचंही माझ्यावाचून अडलं नव्हतं. तरी त्यांनी दिलं, आणि मी घेतलं. ते उपकार मी विसरलेले नाही.

एवढं करून एकच राहिला होता. सदतीस नंबर. त्याचं एका जुन्या पुस्तकातून काढलेलं काळंपांढरं झेरॉक्स माझ्याकडे होतं, त्यामुळे तो मला तोंडपाठ होता. उजवा पाय पुढे, डावखुरा, बॅट खांद्याच्या वर, जाड मिशी, टोपी जराशी तिरकी. आमचे हे दर दिवाळीला विचारायचे, "काय, मिळाला का तुमचा पळून गेलेला नवरदेव?" मी चकल्यांचं ताट त्यांच्यापुढे सरकवायचे. सासूबाईंनी सोडलेलं काम आपल्या हातून पुरं व्हावं, एवढीच इच्छा होती, आणि ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. फक्त पोस्टातल्या माझ्या मैत्रिणीला ठाऊक होतं. आम्ही दोघी शेजारशेजारच्या खिडक्यांवर बसून म्हाताऱ्या झालो.

ह्या मैत्रिणीचं माहेर नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या डोंगरात. निवृत्त झाल्यावर एका पितृपंधरवड्यात ती म्हणाली, "चल, आमच्या भावाकडे पित्र आहे. तांदळाची खीर खायला मिळेल." आम्ही एसटीने अकोल्याला उतरलो आणि पुढे जीपमध्ये दाटीवाटीने बसून तिच्या गावी पोचलो. पावसाची रिपरिप चालू होती आणि भाताची खाचरं नुसती हिरवीगार.

तिचे थोरले भाऊ म्हणजे आबा. सत्तरी ओलांडलेले, ताठ, कमी बोलणारे. घरात शब्द त्यांचा. मुलगा पुण्याला कंपनीत असे, सून घर बघे आणि नात अकरावीला होती. नातीचं मला आधी कळलं ते तिच्या आवाजावरून नाही, तर बॉलच्या आवाजावरून. गोठ्याच्या मागच्या भिंतीवर धप्, धप् असा टेनिस बॉल आपटत होता. मैत्रीण म्हणाली, "आमची खेळाडू. दिवाळीनंतर जिल्ह्याच्या मुलींच्या संघासाठी नगरला निवड आहे. आबांनी परवानगी दिली, यावर गावाचा अजून विश्वास बसत नाही."

"का दिली?" मी विचारलं.

"आमच्या आज्यामुळं," ती म्हणाली. "आमचा आजा पलटणीत क्रिकेट खेळायचा ना."

मला हे नवीन होतं. इतकी वर्षं एकत्र डबे खाल्ले, पण ही गोष्ट तिने कधी सांगितली नव्हती. ती म्हणाली, सांगण्यासारखं काय त्यात, घरातली गोष्ट.

आत ओसरीवर पाट मांडला होता, त्यावर तसबीर, झेंडूचा हार, पुढे केळीच्या पानावर खीर, वडे, कढी, गवार-भोपळ्याची भाजी. आबा कौलावर घास ठेवून कावळ्याची वाट बघत अंगणात उभे होते. मी नमस्कार करायला वाकले. तसबीर चांगली हातभर, पण आतलं चित्र एवढंसं, भोवती सोनेरी कागद. काच बसवण्याआधी वर्षानुवर्षं थेट चित्रालाच लावलेल्या हळदीकुंकवाने चित्रातल्या माणसाचा रंग पिकलेल्या चिंचेसारखा झाला होता. उजवा पाय पुढे. डावखुरा. टोपी जराशी तिरकी.

मी वाकले ती तशीच राहिले. मैत्रिणीला वाटलं कंबर धरली. तिने मला उठवून बसवलं आणि पाणी दिलं. मी तिच्याकडे बघून नुसती हसले, कारण तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याचा मलाच भरवसा नव्हता. साहेबाच्या देशातला कुणी एक फलंदाज, आणि अकोल्याच्या डोंगरात त्याच्यापुढे कढी-वडे वाढलेले!

तेवढ्यात कावळा शिवला. आबा समाधानाने आत आले आणि तसबिरीकडे बोट करून मला म्हणाले, "आमचा आजा. दुष्काळात नगरला गेल्ता, कॅम्पात. सायबाला ह्याचा ख्योळ लई आवडला, म्हनून सायबानं फोटू छापून दिला. मरंपातुर पटक्याच्या घडीत हुता. मागनं आजीनं द्येव्हाऱ्यात ठिवला."

"दुसरा फोटो नाही?" मी विचारलं.

"कुठला आलाय दुसरा? ह्योच." मग ते बाहेर बघत म्हणाले, "पोरीला मी न्हाईच म्हनलो हुतो. पोरीबाळींनी नगरला ऱ्हाऊन बॅट घुमवायची, ही काय रीत हाय का? मंग ती ह्येच्याम्होरं उभी ऱ्हायली आन म्हनली, आबा, ह्येंचं रगत हाय, मी काय करू? मंग मलाबी वाटलं, आज्याचं रगत आडवनारा मी कोन?"

मी खीर खाल्ली. चव कशी होती ते आजही सांगता येणार नाही.

जेवणं झाल्यावर आबांनी एक काम काढलं. भात कापून झालं की त्यांच्या खाचरात दरवर्षी आज्याच्या नावाने टेनिस बॉलची स्पर्धा होई. आसपासच्या वाड्यांचे संघ येत. यंदा नात जिल्ह्याला जाणार म्हणून आबांना आज्याचा मोठा फ्लेक्स लावायचा होता, रस्त्यावरून दिसेल असा. मैत्रिणीने त्यांना सांगून ठेवलं होतं की मी जुन्या चित्रांतली जाणकार आहे. आबांनी तसबीर जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "साफ करून घ्या. आन नगरलाच मोठा करून आना. तुमच्यावर सोपवलाय." ज्या चित्रासाठी मी अर्धं आयुष्य घालवलं, ते माझ्या मांडीवर होतं, आणि ठेवणाऱ्याला माझ्याविषयी तिळभर शंका नव्हती.

जीपपर्यंत सोडायला नात आली. मैत्रीण पुढे चालत होती. पोरगी माझ्या बाजूने चालता चालता हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही ओळखलंत ना?"

मी थांबले. "तुला काय माहीत?"

"सातवीत असताना घरात खेळताना बॉल लागून काच फुटली. आबा बाजाराला गेलेले. मी राजूरला जाऊन काच बसवून आणली. तेव्हा चित्र बाहेर काढलं होतं. सोनेरी कागदाखाली त्याचं नाव आहे. इंग्रजीत. मागेही सगळं लिहिलंय."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर मला कुणी खेळू दिलं असतं का?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात लाजही नव्हती आणि उर्मटपणाही नव्हता. "फ्लेक्सवर तेवढं नाव येऊ देऊ नका."

"हे बघ, मी खोटं बोलत नाही. चित्रांच्या बाबतीत तर मुळीच नाही."

"खोटं नका बोलू, काकू. नुसतं गप्प बसा."

मला गप्प बसायला सांगणारी माणसं आयुष्यात पुष्कळ भेटली, पण इतक्या मुद्द्याचं कारण कुणाकडेच नव्हतं. मी म्हटलं, "बसते."

नगरला घरी आल्यावर मी तसबीर उघडली. कापसाच्या बोळ्याने, मऊ ब्रशने, थोडं थोडं करून कुंकू उतरवलं. खालून गुलाबी गाल निघाले, निळे डोळे निघाले, तपकिरी मिशी निघाली आणि खाली नाव. उलटं करून पाहिलं. सदतीस. मी माझी फाईल काढली आणि जागेवर ठेवून बघितला. पन्नासच्या पन्नास एका ओळीत. हे चहा घेऊन आले, मागून वाकून ओळ निरखू लागले आणि एकदाही चेष्टा न करता म्हणाले, "आई असती तर आज पुरणपोळी केली असती." मला रडू आलं. आनंदाचं होतं, खोटं कशाला सांगू? मला तो हवा होता. परत देऊ नये असं वाटत होतं. पण दुपार कलल्यावर मी तो पुन्हा फडक्यात बांधला, कारण तो माझ्याकडे साफ व्हायला आला होता.

फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसलेल्या माणसाने चित्र मोठं केलं आणि म्हणाला, "मावशी, हा तर गोरा साहेब आहे. खाली आजोबांचं नाव टाकायचं म्हणता?" मी म्हटलं, हो. "मग साहेबाचं नाव कापू? रंगही जरा सावळा करू का?" दोन बटणं दाबायचं काम होतं. पडद्यावर तो गुलाबी माणूस भिंतीएवढा झाला होता आणि त्याच्याखाली मजकूर तयार होता, की आबांची नात त्यांचा वारसा पुढे चालवते आहे. आणि माझं डोकंच फिरलं. दुकानदारावर नाही. त्या चित्रावर. कोण कुठला हा, ह्याने कधी खाचरात पाय घातला? भिंतीवर बॉल मारून मारून हाताला घट्टे पडले ते त्या पोरीच्या, आणि हा आयत्या बिळावर नागोबा! "काही छापू नका," मी म्हटलं, आणि तरातरा बाहेर पडले.

पण पोरीला शब्द दिला होता. शब्द मोडायचा अधिकार माझा नव्हता, तिचा होता. दसरा झाल्यावर मी एकट्या मैत्रिणीला तेवढं सगळं सांगितलं, कारण तिच्याशिवाय त्या घरात शिरणार कशी? ती आधी इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग पदराने डोळे टिपत म्हणाली, "आबांना कसं वाटेल गं?" आम्ही दोघी पुन्हा अकोल्याची एसटी धरली.

गावात पोचल्यावर मी नातीला गोठ्याच्या मागे गाठलं. म्हटलं, "तुझ्या आत्याआजीला तेवढं सांगितलं, बाकी मी गप्प बसले आहे आणि पुढेही बसेन. पण तो फ्लेक्स माझ्या हातून होणार नाही. उद्या तू शंभर मारलेस तरी लोक त्या साहेबाच्या फोटोला हार घालतील. तुला चालणार असेल तर दुसऱ्या कुणाकडून करून घे. ठरव तू." हातातला बॉल तिने दोनतीनदा भिंतीवर मारला, झेलला आणि ओढणीला पुसला. मग म्हणाली, "चला."

आबा ओसरीवर विळ्याला धार लावत बसले होते. "फ्लेक्स कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी फडक्याची गाठ सोडून तसबीर त्यांच्यापुढे ठेवली आणि जीभ दाताखाली धरली. आयुष्यात इतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

आबांनी तसबीर उचलली, लांब धरली, जवळ धरली. "ह्यो कोन?"

"आबा," नात म्हणाली, "त्ये तुमचं आजोबा न्हाईत. सायबाच्या देशातला खेळाडू हाय. शिगरेटीच्या पाकिटात हे चित्र यायचं. खाली नाव हाय त्याचं. मला सातवीपासनं ठाव हाय."

आबांनी ओल्या अंगठ्याने काच पुसली आणि पुन्हा चित्राकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "ह्यो तर निस्ता टमाटा हाय." मैत्रिणीला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात लपवलं.

"मंग आमचा आजा काय करायचा तितं?" आबांनी मला विचारलं. आता बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "ते मला माहीत नाही, आबा. मैदानावर रोलर ओढत असतील, गवत कापत असतील. कुणीतरी हे टाकलं असेल आणि त्यांना ते आवडलं असेल. पण त्यांनी ते असं जपलं, की इतक्या वर्षांनी मला ते बघायला मिळालं. मी अर्धं आयुष्य हेच चित्र शोधत होते. तुमच्या आजोबांचे माझ्यावर फार उपकार आहेत."

"व्हय," मैत्रीण मधेच म्हणाली, "पन्नासातला हा एकच न्हाई तिच्यापाशी." मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण सांगून झालं होतं.

आबांनी तसबीर माझ्याकडे अर्धी पुढे केली. माझे हात आपोआप उचलले गेले, हे मला कबूल केलं पाहिजे. मग त्यांनी ती परत मांडीवर घेतली. "न्हाई, ताई. राग मानू नगा. कोन का आसंना, इतकी वर्सं आमच्या घरचं पित्र जेवलाय. माज्या बापानं ह्येला वाढलं, मी वाढलं. जेवू घातलेल्याला घराभायेर काढत न्हाईत. आज्यासंगट ह्योबी बसंल."

मी हात खाली घेतले. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त असं वाटलं की ह्या माणसाचे पाय धरावेत. सासूबाईंनी ज्यांची लग्नं लावली त्यांच्याच एका सोबत्याला, मुलुख सोडून आलेल्याला, इथे दरसाल पानावर खीर वाढली जाते. माझ्या फाईलमध्ये त्याला प्लॅस्टिकच्या कप्प्याखेरीज काय मिळालं असतं?

आबा उठले, तसबीर देव्हाऱ्यात ठेवून आले आणि पुन्हा विळ्याला धार लावू लागले. नगरचा विषय कुणी काढेना. सूनबाई दारात उभी राहून साडीचा पदर पिळत होती. सगळ्यांना कळून चुकलं होतं की ज्याच्या जोरावर हो म्हटलं होतं तेच गेलं. मला माझ्या तत्त्वांची लाज वाटू लागली. एक फ्लेक्स छापला असता तर काय बिघडलं असतं? शेवटी नातच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, मंग नगरला?"

"आज्याचं रगत हाय म्हनून मी हो म्हनलो हुतो," आबा वर न बघता म्हणाले.

"व्हय."

"त्ये तर न्हाई निगालं."

"न्हाई."

आबांनी विळा बाजूला ठेवला. "मंग तू खेळती त्ये आलं कुठनं?"

पोरीने हातातला बॉल त्यांच्यापुढे धरला. "कुठनं न्हाई, आबा. गोठ्यामागच्या भितीवर बॉल मारून मारून आलं. माझं मीच शिकले."

आबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जशी ती घरात आजच आली असावी.

"मंग आदी सांगायचं न्हाई का," ते म्हणाले. "वाडवडलांचं आसतं तर घरात पडून ऱ्हायलं आसतं तरी चाललं आसतं. तू सवता कमावल्यालं घरात कुजवायचं व्हय?" मग ते माझ्याकडे वळले. "ताई, निवडीपातुर पोरगी तुमच्याकडं..."

"राहील," मी म्हटलं. त्यांना वाक्य पुरं करू द्यायचंही भान मला राहिलं नाही.